काका, आधी पाय मोजू द्या

काका, नमस्कार. पाचवीतल्या नातवाला संधिपाद (सांधेदार पायांचे प्राणी), अष्टपाद (त्यांतले आठ पायांचे) शिकवून काय साधणार, उद्या पोरगं विंचू धरायला जाईल, त्यापेक्षा 'किडा दिसला की लांब हो' एवढं सांगावं, असं तुम्ही लिहिलंत.

विंचवाची काळजी रास्तच आहे. आपल्याकडचा लाल विंचू जीव घेऊ शकतो. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्याचं विष हृदयावर कसा घाला घालतं ते अभ्यासलं, प्राझोसिन हे औषध द्यायला सुरुवात केली, आणि त्यानं पुष्कळ जीव वाचले. म्हणून मी मुलांना दगड उलथू देत नाही, कशालाही हात लावू देत नाही.

पण नुसतं 'लांब हो' म्हटल्यानं पोराला कशापासून जपायचं ते कळत नाही. पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात पैसा किडा आणि गोम दोन्ही न्हाणीत येतात. गोमेच्या अंगाच्या प्रत्येक भागाला पायांची एकच जोडी असते, आणि डोक्याखालची पहिली जोडी विषारी नख्यांची. पैशाच्या बहुतेक भागांना दोन-दोन जोड्या. तो चावत नाही, वेटोळं करून पडून राहतो. (काहींचा स्राव मात्र चुरचुरतो.) हा फरक पाहिलेलं मूल पैसा चपलेनं चिरडत नाही आणि गोमेजवळ जात नाही.

तुमचा ऊस आहे म्हणता, तर हुमणीचंच घ्या. मातीतली ती पांढरी, वाकडी अळी आणि गांडूळ पोरांना सारखंच वाटतं. हुमणीच्या डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या दाखवा. सहा पाय म्हणजे कीटक. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जे भुंगेरे येतात, ती तिचीच मोठी रूपं. गांडुळाला पायच नाहीत, ते संधिपादांतलंच नव्हे. एक उसाची मुळं खाते, दुसरं जमीन भुसभुशीत करतं. शेतकऱ्याच्या नातवाला हे दहाव्या वर्षी कळलं तर लवकर कसं म्हणायचं?

मोठे शब्द नंतर आले तरी माझी हरकत नाही. आधी मोजू द्या. सुरुवात मासळी बाजारातल्या खेकड्यापासून करा. सांधे मोठे असतात, टणक कवच दिसतं. ते कवच वाढत नाही, म्हणून वाढताना खेकडा जुनं टाकतो, हेही तिथंच सांगता येतं. नांग्या धरून पाय दहा भरतील.

मग विंचवाचं चित्र दाखवा, चित्रच. नातू तिथंही पुढचे दोन चिमटे धरून दहा मोजेल आणि विंचवाला खेकड्याचा भाऊ ठरवेल. मोजू द्या. नंतर सांगा, खेकड्याच्या नांग्या म्हणजे त्याच्या पायांचीच पहिली जोडी, पण विंचवाचे ते चिमटे तोंडाजवळच्या अवयवांचे झालेले असतात. कोळ्यालाही तोंडाशी तसेच दोन लहान अवयव असतात. ते सोडले की दोघांचेही पाय आठ.