'यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय': एका प्रतिक्रियेला उत्तर

चार्जर लावला की लॅपटॉपमधून स्पीकरला घूं आवाज का येतो, या माझ्या लेखावर एका वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. उपाय म्हणून मी ऑडिओ केबलच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायला सांगितलं होतं. नाव नाही, 'तीस वर्षं साउंड लाइनमध्ये' एवढीच ओळख. म्हणणं असं : "ताई, यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय. तो आवाज ५० हर्ट्झचा नसतो, कान असतील तर कळेल. लॅपटॉप आणि साउंड मिक्सर एकाच बोर्डावर लावा, अर्धं काम तिथेच होतं. स्वस्तातले ट्रान्सफॉर्मर खर्ज खातात, लोकांना उगाच खर्चात पाडू नका. आम्ही प्लगच्या अर्थच्या पिनला टेप लावतो, हमिंग बंद, काही होत नाही."

दादा, ५० हर्ट्झचं आधी मान्य करते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मी सरसकट तोच आकडा लिहिला. रंगमंचाचे दिवे मंद करणाऱ्या डिमरमुळे येणारी चिरकी घरघर सेकंदाला १०० वेळा तुटणाऱ्या करंटची असते. लेखात दुरुस्ती केली आहे. पण हे सांगताना माझे कान काढायची गरज नव्हती.

आता यूट्यूबचं. हे वाक्य तुम्ही पहिलंच टाकलंत, म्हणजे पुढचं सगळं त्याच नजरेने वाचलं जाणार. मी १९९७ पासून हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत सांभाळते. सुरुवात कॅसेट डेकवर झाली, क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजवायचे तुकडे, पेन्सिलने कॅसेट गुंडाळून लावायचे. लॅपटॉप आला २००८ साली. त्याच वर्षी स्पर्धेच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात आई एकटी बसलेली, रंगमंचावर अर्धा प्रकाश, संपूर्ण शांतता, आणि त्या शांततेत माझ्या स्पीकरमधून घूं. प्रकाश मंद होत गेला तसा आवाज वाढत गेला. मी चार्जर उपटला आणि आवाज थांबला. उरलेला प्रयोग जुन्या बॅटरीवर, स्क्रीन काळीकुट्ट करून रेटला. शेवटच्या क्यूला ४ टक्के उरले होते. त्या वेळी माझा हात थरथरत होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बसले. चार्जरच्या प्लगची अर्थ पिन आणि ईअरफोनच्या पिनचा बुडाचा भाग, या दोघांना मीटरच्या टोकांनी जोडलं तर बीप वाजली. म्हणजे लॅपटॉपचा ग्राउंड थेट भिंतीतल्या अर्थला जोडलेला. मिक्सरचाही जोडलेला. मधली ऑडिओ केबल जोडली की तिच्या शिल्डमधून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून, फेरा पूर्ण होतो, दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा फरक असला की त्या फेऱ्यातून करंट वाहतो आणि तो गाण्यात मिसळतो. अर्धा प्रकाश असताना डिमर वीज ऐन शिखरावर कापतो, म्हणून आवाज तेव्हाच सगळ्यात जास्त. दोष लॅपटॉपचा नाही, स्पीकरचा नाही, दोष त्या फेऱ्याचा. हे मला कोणत्याही व्हिडिओने सांगितलं नाही. मी सांगलीत, रिकाम्या तालीम हॉलमध्ये, फरशीवर बसून शोधलं. तीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कामाबद्दल असं बोलण्याआधी एक प्रश्न तरी विचारायला हवा होता. तुमच्या कामाबद्दल मी असं कधी बोलले नसते.

एकाच बोर्डाचं म्हणाल, तर लॅपटॉप आणि मिक्सर एकत्र आणले तरी आमचा मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागे आणि अ‍ॅम्प्लिफायर विंगेत, म्हणजे वेगळ्या बोर्डावर असतो. सगळ्यांना ते जमत नाही. खर्जाचं म्हणाल, तर चांगला ट्रान्सफॉर्मर घ्यावा, नाहीतर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे शिल्डचा फेरा तोडणारं बटण असलेला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी). संवाद नीट ऐकू येणं हे माझं पहिलं काम आहे. यावर जास्त बोलायचं नाही.

टेपवर मात्र बोलणार. ऑडिओच्या शिल्डचा फेरा तोडायचा, भिंतीतला अर्थ कधीच तोडायचा नाही. मिक्सर किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या आत वायर सुटून पेटीला लागली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसताना पेटीवर २३० व्होल्ट बसतात आणि केबलच्या शिल्डमधून माइकच्या जाळीपर्यंत पोचतात. माझ्या डोळ्यांसमोर तालमीत एका मुलीने एका हातात माइक धरला आणि दुसऱ्या हाताने लाइटचा लोखंडी स्टँड. ती जागेवर कोसळली. सुदैवाने वाचली. मिक्सरचा प्लग पाहिला तर अर्थची पिन कापलेली होती. कोणीतरी हमिंग बंद केलं होतं.

तुम्ही म्हणता काही होत नाही. तुम्हाला झालं नसेल. तुमचा सल्ला वाचून कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं टेप लावतील, तेव्हा ते पाहायला तुम्ही तिथे असणार आहात का?

तुमची प्रतिक्रिया लेखाखाली तशीच राहील, कानांवरचं वाक्यही राहील. फक्त टेपची ओळ मी काढून टाकली आहे आणि ती परत लिहिलीत तर परत काढेन.