कुकर पोज देतोय

इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा देते मुलगी आणि उपास घडतो घराला. स्थिरचित्राच्या पेपरला ३ तास मिळतात. सरावाला मात्र काळवेळ नसतो. त्यामुळे आमचा कुकर शनिवारपासून टीपॉयवर ठाण मांडून बसलाय. खाली आईची ठेवणीतली इरकल, कारण चित्रकलेच्या सरांना कापडाला चुण्या हव्यात. शेजारी दोन वांगी. "बाबा, कुकरला हात लावू नका, सावली बदलते!" खिडकीतलं ऊन सरकलं तरी संशय माझ्यावर. भात पातेल्यात होतो, म्हणजे वर कच्चा आणि खाली करपलेला. वांग्यांचं तर भरीत व्हायचं वयही उलटून गेलं.

रंगांच्या बाबतीत मी औरंगजेब. पण भूक लागलेला माणूस कुकरकडे नाही बघणार तर कुठे? स्टीलचा रंग पेटीत नसतोच. मी काळ्यात पांढरा कालवून सिमेंटचा कुकर बांधला असता. लेकीनं अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएनाचा तपकिरी मिसळून करडा काढला, तोही कुठे निळसर, कुठे मातकट. चकाकीच्या जागी तर रंगच नाही! नुसता कोरा कागद सोडला, आणि नेमका तिथेच कुकर लखलखला. पोटावर निळ्या चौकड्यांचा एक वाकडा पट्टा होता.

"हे काय गं?"

"तुमची लुंगी. समोर बसता ना तुम्ही!"

कलाक्षेत्रात माझा प्रवेश झाला तो असा.

खरी कमाल मात्र झाकणाखालच्या ओघळाची. वरण उतू जाऊन वाळलेला, घासणीला न जुमानणारा जुना डाग. ओल्या करड्यात तिनं पिवळ्याचा थेंब सोडला आणि कागद तिरका धरला. थेंब कडा विस्कटत, रेंगाळत खाली आला, थेट वरणाच्या चालीनं. ज्या डागावरून घरात इतकी वर्षं भांडणं झाली, तो एवढा देखणा असेल असं कुणाला वाटलं होतं?

आईनं चष्मा सावरत चित्र निरखलं. "छान आहे. पण डाग कशाला दाखवायचा? लोक म्हणतील, यांच्याकडे भांडी घासत नाहीत."

दुपारी आम्ही जरा लवंडलो, तेवढ्यात तिनं तारेची घासणी घेऊन कुकर आरशासारखा केला. मुलीनं घर डोक्यावर घेतलं. चित्र अर्धवट आणि ओघळ गायब!

आता उद्या डाळीत पाणी चांगलं सढळ हातानं घालायचं ठरलंय. आईला घासणीपासून लांब ठेवायची कामगिरी माझ्याकडे. निदान वरण तरी मिळेल.