गाडीत तापलेली पाण्याची बाटली आणि वंध्यत्व: खुलासा

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "गाडीत तापलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं की बीपीएमुळे बायकांना मूल होत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय", आणि माझ्या मावसबहिणीने तो वाचून रात्रभर टेन्शन घेतलं म्हणून लिहितेय.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, काही कडक प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन. मुळात झालं काय ते ऐका. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुवायच्या कडक डिटर्जंटने धुतल्या गेल्या, ते प्लास्टिक होतं पॉलिकार्बोनेट, ते खराब होऊन त्यातून बीपीए सुटलं आणि उंदरांच्या बीजांडांमध्ये क्रोमोसोमची गडबड १-२ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर गेली. पेपर आला २००३ मध्ये. म्हणजे उंदीर, बाई नाही, आणि गाडीतलं ऊन पण नाही!

दुसरं, दुकानातली साधी पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची असते, उलटी करून बघा, त्रिकोणात १ आकडा दिसेल. पेट बनवताना बीपीए लागतच नाही. पॉलिकार्बोनेट ७ नंबरमध्ये येतं.

पण म्हणून बीपीए निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, युरोपने २०११ मध्येच बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. आणि मेसेजच्या शेवटी जी "बीपीए-फ्री घ्या, बिनधास्त राहा" ओळ आहे ना, ती मला जास्त खटकते, कारण त्याच हंटबाईंच्या लॅबला २०१८ मध्ये बीपीएऐवजी वापरल्या जाणाऱ्या बीपीएस या रसायनामुळेही उंदरांत तसलाच परिणाम दिसला. आमच्याकडे गरम आमटी, दूध स्टीलच्या डब्यातच जातं.