पंधराशे रुपयांनी कामवाल्या आळशी झाल्या म्हणे!

गेले काही महिने पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. आधी कोथरूडच्या ग्रुपवर येतो, चार दिवसांनी सहकारनगरच्या काकांकडून, मग बाणेरच्या भाचीकडून. मध्ये कुठेतरी हात जोडलेले दोन इमोजी वाढलेले असतात, बाकी शब्द तेच. गोषवारा असा: राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १५०० रुपये सुरू झाल्यापासून कामाला बायका मिळत नाहीत आणि आहेत त्या माजल्यात. फुकटच्या पैशाने त्या आळशी झाल्या. तो पैसा नवऱ्याच्या दारूत जातो, नाहीतर पार्लरमध्ये. आणि हे सगळं कर भरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या जिवावर. असल्या खिरापतीला सक्षमीकरण म्हणत नाहीत. शेवटी उपायही दिलाय: सोसायटीने मिळून एकच दर ठरवावा आणि काम सोडून गेलेल्या बाईला दुसऱ्या कुणी दारात उभं करू नये.

यातला एक मुद्दा मला बराचसा पटतो. तो कोणता ते पुढे येईलच. आधी हिशेब.

१५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. जून २०२५ मध्ये पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बसची, भाडेवाढ झाली, तेव्हा मासिक पास ९०० वरून १५०० वर गेला. म्हणजे धायरीहून डेक्कनला कामाला येणाऱ्या बाईची सरकारी ओवाळणी बसच्या पासातच संपली. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पण पीएमपीत ती सवलत नाही. घरभाडं, गॅस, मुलांचा क्लास, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं शिल्लकच. एवढ्यावर कोण घरी बसेल? ज्यांना वाटतं की बसता येतं, त्यांनी महिनाभर दिवसाला पन्नास रुपयांत राहून दाखवावं. चहा बाहेर न पिता.

मग बायका कामं सोडतायत हे खोटंच का? नाही, सोडतायत. पण काय सोडतायत ते बघायला हवं. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींनी मध्यंतरी जवळच्याच एका इमारतीतलं घर सोडलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन वेळची भांडी, त्यात दर शनिवारी पाहुण्यांची भर. पगार तीन वर्षांत वाढलेला नाही. महिन्यात दोनपेक्षा जास्त सुट्ट्या झाल्या की खाडे कापायचे, आणि घरची मंडळी महाबळेश्वरला गेली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे. दिवाळीला पगाराऐवजी साडी, तीही कुणीतरी आहेर केलेली. 'लाडकी बहीण'चे पहिले हप्ते खात्यात आले तेव्हा मावशींनी ते घर सोडलं, महिनाभर शोधलं आणि घराच्या वाटेवरचं दुसरं घर पाचशे रुपये जास्त पगारावर धरलं. जुन्या बाईसाहेबांनी ग्रुपवर लिहिलं, 'लाडकी झाली, आता काम नको.' मी मावशींना ते वाचून दाखवलं. फरशी पुसता पुसताच त्या म्हणाल्या, "काम कुठं सोडलं ताई, ते घर सोडलं."

माझं म्हणणं एवढंच आहे. १५०० रुपयांनी कामाची गरज संपत नाही. नवं घर मिळेपर्यंतचा महिना ते निभावून नेतात. आधी तो महिना परवडायचा नाही, म्हणून चौथ्या मजल्यावरची भांडी मुकाट्याने घासली जायची. ज्याला आपण आळस म्हणतोय, ती घासाघीस आहे. आयटीतला भाचा तीन महिन्यांची शिल्लक हाताशी ठेवून नोकरी बदलतो आणि तीस टक्के वाढ घेतो, तेव्हा त्याचं कौतुक होतं. पेढेही येतात.

बरं, टंचाईला दुसरी कारणं नाहीत का? बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडीत गेल्या पंधरा वर्षांत किती टॉवर उभे राहिले ते मोजा. प्रत्येक मजल्यावर चार घरं आणि प्रत्येक घराला पोळ्यांना एक, वरकामाला एक बाई हवी. मागणी एवढी वाढली. आणि पुरवठा? मेट्रोसाठी शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतली कुटुंबं विमाननगर-हडपसरकडे हलवली गेली. जी बाई चालत दहा मिनिटांत प्रभात रोडला पोचायची, तिला आता दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. तिने ती कामं सोडली तर दोष योजनेचा? शिवाय मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्कात हाउसकीपिंगच्या कंत्राटी नोकऱ्या निघाल्या. त्याही काही सुखाच्या नाहीत, पण तिथे आठवड्याची सुट्टी असते आणि 'अगं ए' म्हणून कुणी हाक मारत नाही. आणि आईबरोबर कामावर जाऊन हाताखाली शिकणाऱ्या मुली आता कॉलेजात जातात. ही तक्रार असेल तर ती जरा मोठ्याने करून बघावी.

हे रडगाणं नवंही नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हा कुठलीही बहीण कुणाची लाडकी नव्हती. आजारपणाची रजा आणि बरा पगार मागितला, एवढंच. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगारांसाठी कायदा केला, पण तो कल्याणकारी मंडळाचा. पगार किती आणि सुट्ट्या किती हे अजूनही ओट्याजवळ उभं राहूनच ठरतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हा समज फक्त पुण्याचा नाही. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपाईन्स, इंडोनेशिया, मोरोक्को अशा सहा देशांत गरीब कुटुंबांना सरकारने रोख पैसे दिले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनांची आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये मांडली. पैसे मिळालेली आणि न मिळालेली कुटुंबं ताडून पाहिली. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा पद्धतशीर पुरावा कुठेच सापडला नाही, ना पुरुषांत ना बायकांत.

आपल्या जवळचं उदाहरण मध्य प्रदेशाचं. तिथे रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं हे तिला शिकवलं. अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे आणि इतरांचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायकांनी जास्त काम केलं, रोजगार हमीवर आणि बाहेरही. विशेषतः ज्यांना घरातून कामाला विरोध होता त्यांनी. तो पैसा मजुरीचा होता, अनुदान नव्हे, हे खरं. पण स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसा पडला की बाई पाय पसरून बसते, या कल्पनेला त्यातून पुरेसा धक्का बसतो.

आणि 'आळशी' कुणाला म्हणतोय तेही बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. हे बिनपगारी, स्वतःच्या घरातलं. मावशींची बाकीची घरं यानंतर सुरू होतात.

दारूचं थोडक्यात. जागतिक बँकेच्या इव्हान्स आणि पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले अभ्यास गोळा करून तपासलं: रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? वाढत नाही, असं निघालं. दक्षिण आफ्रिकेत अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांना आणखी एक गोष्ट दिसली. पेन्शन आजीच्या हाती आली त्या घरांत नातींची वजनं-उंची सुधारली. आजोबांच्या हाती आली तिथे असा परिणाम दिसला नाही. एखाद्या घरात नवरा बायकोचे १५०० हिसकावून घेतो, हे नाकारायचं कारण नाही. पण तो तिचा पगारही हिसकावतो, म्हणून पगार बंद करा असं कुणी म्हणत नाही. गंमत म्हणजे जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४,००० कोटी जास्त मिळतील या हिशेबाने. तेव्हा बहिणीचा पैसा दारूत जातो की दारूचा पैसा बहिणीकडे येतो, हे एकदा ठरवून टाका.

पार्लरचं मी सोडून देते. भुवया कोरायला किती लागतात ते मजकूर लिहिणाऱ्याने घरात विचारावं.

आता करदाते. मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे, तो मावशीही भरतात. साबण आणि टूथपेस्टवरही सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्केच होता. प्राप्तिकर भरणं म्हणजेच कर भरणं, हा समज प्राप्तिकर भरणाऱ्यांचा. पण यापेक्षा मजेदार गोष्ट आमच्या सोसायटीच्या दस्तांत आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार रुपये. लाडक्या बहिणीच्या हप्त्यांत हे मोजलं तर जवळपास साडेचार वर्षांचे पैसे, एका दिवसात, एका सहीवर. ही सवलत घेतलेल्या कितीतरी घरांत तोच मजकूर पुढे ढकलला गेलाय. तिला कुणी रेवडी म्हणालं नाही. एजंटला मात्र पुन्हापुन्हा विचारलं, "सवलत मिळेल ना नक्की?"

राहिला सक्षमीकरणाचा मुद्दा, आणि हाच मला पटतो. योजना जाहीर झाली २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, रक्षाबंधनाच्या सुमारास बालेवाडीत मोठा सोहळा झाला, प्रचारात २१०० रुपयांचं आश्वासन आलं आणि निवडणूक झाल्यावर ते मागे पडलं. पहिल्या वर्षी तरतूद ४६,००० कोटींची, पुढच्या वर्षी ३६,००० कोटींची. चौदा हजारांवर पुरुषांनीही पैसे उचलल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. एवढ्या पैशात वस्त्यांमध्ये पाळणाघरं काढता आली असती, आणि पाळणाघर असेल तर बाई दोन कामं जास्त धरू शकते. ही टीका रास्त आहे आणि ती सरकारवर करायची आहे. मला खटकते ती ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याची ऑनलाइन पडताळणी. त्यात २०२५ मध्ये सुरुवातीला लाभार्थी बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. नवरा टाकून गेलेल्या, विधवा, वडील वारलेल्या बायकांनी सायबर कॅफेत रांगा लावून काय करायचं होतं? सक्षम व्हायला आधी नवऱ्याचा ओटीपी आणा! यावर कुणाचा संतप्त फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

उरला तो शेवटचा उपाय, सोसायटीने एकच दर ठरवण्याचा. आमच्या ग्रुपवर यावर मतदानसुद्धा झालं. भांड्यांचा दर ठरला, पोळ्यांचा दर माणशी ठरला आणि 'कोणीही यापेक्षा जास्त देऊ नये' असं ठळक अक्षरांत आलं. मालकांनी एकत्र येऊन पगार दाबला की ती शिस्त, बायकांनी एकत्र येऊन वाढ मागितली की तो माज. गेटवरच्या ॲपमध्ये प्रत्येक कामवालीचं नाव, फोटो, येण्या-जाण्याची वेळ आणि तिला दिलेले रेटिंगचे तारे दिसतात. कोणत्या घरात खाडे कापतात, कुठे बोनस मिळतो, कुठे चहा वेगळ्या कपात देतात, यांचे तारे तिला कुठेच दिसत नाहीत. मतदानात मी 'नाही' म्हटलं, आणखी दोघींनी म्हटलं. दर ठरल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सी विंगमधल्या दोन घरांनी गुपचूप तीनशे रुपये वाढवून दिले, कारण त्यांना पोळ्यांना बाई हवी होती.