ज्यातून पैसे निघत नाहीत, ते पाकीट कसले?

घरपोच किराणा देणाऱ्या एका ॲपवरून मागवलेला तेलाचा डबा आलाच नाही, आणि तक्रार केल्यावर ‘आपले ७४२ रुपये आपल्या पाकिटात जमा केले आहेत’ असा शुद्ध मराठीतला संदेश आला. मी भाबडेपणाने बँकेचे खाते तपासले, तर तिथे दमडी नव्हती. पैसे त्या ॲपच्याच ‘वॉलेट’मध्ये होते, आणि ते मला बाहेर काढता येत नाहीत, दुसऱ्या दुकानात चालवता येत नाहीत, शिवाय नव्वद दिवसांत त्यांच्याकडूनच काही घेतले नाही तर ते रद्द होतात.

अहो, मग त्याला पाकीट का म्हणता? माझ्या आजीच्या कमरेला बटवा असे. वरच्या कप्प्यांत सुपारी आणि लवंगा, सर्वांत आतल्या कप्प्यात घड्या घातलेल्या नोटा. गोंडे ओढून त्याचे तोंड आवळायची तीच आणि सैल करायचीही तीच, आणि महिनाअखेरीला हात किती आखडायचा हे तिला त्या घड्या चाचपूनच कळे. ‘खिसा’ हा शब्दसुद्धा पैशाच्या थैलीला फारसीत ‘कीसा’ म्हणतात त्यावरून आपल्याकडे आला. बटवा असो, खिसा असो की कनवटी, आत हात घालण्याचा अधिकार धन्याचाच, हे कोणाला सांगावे लागत नसे.

चौकशी केली तेव्हा समजले की एकाच विक्रेत्याकडे चालणाऱ्या अशा साधनाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘क्लोज्ड सिस्टिम’ म्हणतात. त्यातून रोख काढता येत नाही आणि ते चालवायला त्या बँकेची परवानगीही लागत नाही. ‘बंदिस्त’ हे विशेषण नियमांत आहे, ग्राहकाला पाठवलेल्या संदेशातून तेवढे मात्र सोयीस्करपणे गळाले आहे. तेल परत नको, पैसे खात्यात द्या, असे मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ‘आपले पाकीट सुरक्षित आहे’ हेच उत्तर आले. सुरक्षित आहे खरे, माझ्यापासून!

काल आठवणीचा संदेश आला की मुदत संपत आली आहे, खरेदी करा; खाली बारीक अक्षरांत किमान खरेदी ९९९ रुपयांची. म्हणजे माझेच ७४२ रुपये सोडवण्यासाठी मी आणखी २५७ रुपयांची पदरमोड करायची, आणि तेलाचा डबा तर मी केव्हाच कोपऱ्यावरच्या वाण्याकडून रोख पैसे मोजून आणला आहे.