डावा पाय बाद

मास्टर्स जलतरण, म्हणजे प्रौढांच्या शर्यतींत हळू पोहायला कुणाचीच हरकत नसते. शेवटचे आलात तर टाळ्या जरा जास्तच पडतात. काठावरच्या पंचांना मात्र तुमच्या वेळेशी काही देणंघेणं नाही. त्यांची नजर हातांवर, पायांवर आणि तुम्ही भिंतीला कसे शिवता त्यावर.

दिसायला सगळ्यांत सभ्य तो ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे पालथं, बेडकासारखं पोहणं, आणि माझ्या मते सगळ्यांत खाष्टही तोच. एकदा हात, एकदा पाय, हा क्रम शेवटपर्यंत मोडायचा नाही. हात कमरेमागे न्यायची चैन फक्त सुरुवातीच्या आणि प्रत्येक टर्ननंतरच्या, म्हणजे भिंतीशी वळल्यानंतरच्या, पहिल्या स्ट्रोकला. तेव्हाच, ब्रेस्टस्ट्रोकची पहिली किक मारण्याआधी, एक बटरफ्लाय किक, म्हणजे दोन्ही पाय मिळून वरखाली मारलेला फटका, चालते. दुसरी मारलीत की पंच बाद केल्याची चिठ्ठी लिहायला घेतात.

पण खरा घात करतो पाय. किक मारताना दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत आणि दोन्ही पायांची हालचाल एकाच वेळी हवी. उजव्या पायाला हे पटतं. डावा आयुष्यभर खुर्चीत बसून आखडलेला असतो. त्याचा घोटा वर वळत नाही, पाऊल सरळच राहतं आणि किकची कात्री होते. कधी पाय बिचारा निर्दोष असतो: श्वास घेताना एक खांदा खाली जातो, त्यामागे कंबर तिरकी होते आणि शिक्षा पायाला. हे सगळं आपल्या पाठीमागे घडत असल्यामुळे आपल्याला आपली किक आदर्शच वाटते. मागून व्हिडिओ काढून घ्या. गैरसमज लगेच मिटतो. मग उताणं पडून, गुडघे पाण्याबाहेर येऊ न देता सावकाश किक मारा. इथे निदान अपराधी डोळ्यांसमोर असतो.

भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, एकावर एक नव्हे, सुटे. एक जरा उंचावर, एक खाली लागला तरी चालतं. घोळ होतो वळायच्या घाईत: भिंत दिसताच एक खांदा आधीच परत निघालेला असतो.

बटरफ्लायलाही भिंतीचा हाच नियम. तिथे मास्टर्सवाल्यांना एक सवलत आहे, ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, पण दर पुलला, म्हणजे हातांनी एकदा पाणी मागे ओढण्याला, एकच. हातांना सवलत नाही. दमले तरी दोघांनी मिळून पाण्यावरूनच पुढे यायचं.

बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे उताणं पोहताना, भिंतीच्या 5 मीटर आधी डोक्यावर पताका दिसतात. तिथून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक होतात ते सरावात मोजून ठेवायचं. दमल्यावर स्ट्रोक आखूड होतात, आकडा मात्र जुनाच डोक्यात असतो. मग माणूस लवकर पालथा होतो. पालथं झाल्यावर एक सलग पुल आणि लगेच कोलांटी. भिंत लांब आहे म्हणून तरंगत, पाय मारत तिच्याकडे गेलात तर बाद. अंदाज पक्का नसेल तर उताण्यानेच भिंतीला हात लावून वळा. दोन सेकंद जातील, शर्यत वाचेल. शेवटही पाठीवरच.

फ्रीस्टाइलमध्ये जवळजवळ सगळं माफ. टर्नला शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की झालं. दम लागला तर तळाला पाय टेकून उभं राहिलं तरी बाद करत नाहीत. फक्त लेनची दोरी ओढायची नाही, आणि उभे आहातच तर चार पावलं चालून घ्यावीत असा विचार करायचा नाही.