प्रश्नचिन्ह होतं ना सर (१ स्टारला उत्तर)

नमस्कार सर. आधी सॉरी, तुमच्या ईमेलला उत्तर द्यायला मला ५ आठवडे लागले, ते माझं चुकलंच. पण "मोठ्या माणसाचं नाव चिकटवून जास्त पैसे उकळले" हे जे लिहिलंय ते वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, घरातल्या पुढच्या खोलीत जुन्या नाण्यांचा धंदा करतो मी, महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं येतात, तीही हे वाचूनच येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाणं म्हणजे १७८८ चा पॅटर्न हाफपेनी, चलनात कधी न आलेला नमुना, आमच्या इथल्याच, बर्मिंगहॅमच्या सोहो मिंटचा, टांकसाळीचा मालक बोल्टन याने फ्रान्सहून आणलेल्या द्रोझ या कारागिराचं काम. त्याच्याखाली जुनी गोल कागदी चिठ्ठी होती, जेमतेम नाण्याएवढी, त्यावर पेन्सिलीने "मर्डॉक" (जुना नावाजलेला संग्राहक, म्हणजे नाणं एकेकाळी त्याच्याकडे असावं) आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते चिन्ह माझं नाही, माझ्या आधी ज्याच्याकडे होतं त्याचं. मी बिलावर जसंच्या तसं उतरवलं, चिन्हासकट. तुम्ही रिव्ह्यूला बिलाचा फोटो लावलाय त्यात तुमचा अंगठा नेमका तिथेच आलाय, आता काय बोलायचं.

मर्डॉकचा संग्रह १९०३-०४ मध्ये लंडनला सोदबीज या लिलावकंपनीकडे विकला गेला. तुम्ही म्हणता कॅटलॉगमध्ये फोटो दाखवा. अहो, सोन्याचं किंवा चांदीचं बडं नाणं असेल तर प्लेटवर, म्हणजे कॅटलॉगच्या फोटोंच्या पानावर, सापडतं, कडेचा एखादा टोचा, डाग जुळवून छातीठोक सांगता येतं. तांब्याच्या नमुन्यांना तेव्हा कोण प्लेट देतंय, एकेका लॉटमध्ये चार-पाच नाणी आणि दोन ओळी वर्णन. मग उरतं काय, चिठ्ठीवरचं अक्षर. म्हणून प्रश्नचिन्ह. जो दुकानदार ते न लावता विकतो त्याला जाऊन विचारा.

आणि नावाचा मी एक पेनी लावला नाही. ४२० पौंड लावले ते नाणं त्या काळातलंच आहे म्हणून. सोहोचे जुने डाय, म्हणजे नाणी पाडायचे ठसे, नंतर टेलर नावाच्या माणसाच्या हाती लागले, त्याने संग्राहकांसाठी त्यातून परत नाणी पाडली, डाय गंजलेले असले की नाण्यावर बारीक उठलेले ठिपके येतात. तुमच्या नाण्यावर तसे नाहीत, दिव्याखाली तिरकं धरून भिंगातून दाखवलं होतं, इंग्लंडच्या तांब्याच्या नाण्यांवरच्या पेकच्या पुस्तकातला नंबरही लिहून दिला. तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

परत घ्यायचं म्हणाल तर ४ महिन्यांनी पूर्ण पैसे मागितलेत. नाणं घेतलंत त्या दिवशीच तुम्ही कॅप्सूल, म्हणजे नाण्याची डबी, उघडून मधोमध अंगठा ठेवलात, तुम्ही पाहुणे म्हणून मी गप्प बसलो. तांब्यावरचा बोटाचा ठसा जन्मभर जात नाही. तरी या एकदा, बसून काहीतरी मार्ग काढू.

इथून पुढे बिलावर प्रश्नचिन्ह लाल पेनने काढीन, ईमेलचंही बघतो काहीतरी. आणि नाणं दुसरीकडे विकलंत तरी चालेल, पण ती चिठ्ठी प्लीज फेकू नका, सोबतच द्या.